मोठा आवाज

सुकन्या येमूल वाचायला उठली
की शेजारचा वर्ग खिडकीत गोळा.
“हळू गं,” म्हणायचे मी. वर्षभर.

एकदा भद्रावती पेठेत तिच्या घरी गेले.
दारातच दोन माग, खटाखट खटाखट.
आई काही बोलली, तेलुगूत की मराठीत,
मला नुसते ओठ दिसले.
चहा तेवढा कळला.

दुसऱ्या दिवशी पाहिलं:
मुदस्सर बागवान, ज्याचं कानातलं यंत्र
दिवाळीपासून बंद,
आपणहून तिच्या बाकावर सरकलेला.
ती वाचतेय, भिंती हलवत,
आणि त्याचं बोट ओळीवरून
चुकत, थांबत, पुढे.

तिच्या प्रगतिपुस्तकात मीच लिहिलेलं
‘वर्गात फार मोठ्याने बोलते’
ते खोडलंय.
त्या जागी काय लिहू,
पेनचं टोपण उघडंच आहे.