चतुःसीमा

वाऱ्याची फाइल वाऱ्यानं उडू नये म्हणून
तिच्यावर मनसरच्या खाणीतला मँगनीजचा दगड ठेवलाय.
कुलर घरघरतो, कोपरे फडफडतात.
बाहेर मे महिना, सेहेचाळीसचा पारा,
आणि मी लक्ष्मीभुवन चौकात, दुसऱ्या माळ्यावर,
समुद्राचे अर्ज भरून राहिलो.

समुद्र मी दोनदा पाहिला.
एकदा लग्न झाल्यावर, एकदा या कामापायी.
दुसऱ्या खेपेला पाहण्यापेक्षा ओकलोच जास्त.
तांडेल म्हणाला, नागपूरकर, खाली नका बघू,
जिथे काहीच नाही तिकडे बघा.

जिथे काहीच नाही
तिथे बासष्ट पवनचक्क्या उभ्या करायच्या आहेत.
त्यासाठी तेरा खाती, तेरा ना-हरकती.
नौदल विचारतं, पाती फिरताना रडारला काय दिसेल?
बंदरवाले विचारतात, जहाजं किती अंशांनी वळवू?
पक्ष्यांचा तक्ता मीच भरला:
नाव, महिना, उडण्याची उंची मीटरमध्ये.
कुरव पक्ष्यानं कुठे सही करायची
तेवढा रकाना नव्हता.

दिल्ली म्हणते, बारा सागरी मैलांपुढचं पाणी आमचं.
मुंबई म्हणते, केबल किनाऱ्याला लागते, तो किनारा आमचा.
केबल दोघांच्या मध्ये कुठेतरी
अजून न टाकलेली, पडून आहे.
वारा मोजायला एक तराफा सोडला होता,
दोन वर्षांचं मोजमाप हवं होतं;
मोजायची परवानगी अठरा महिन्यांची निघाली.
उरलेले सहा महिने वारा वाहिला,
पण नोंद नाही.

डिसेंबरात अधिवेशनाला अख्खं सरकार इकडे येतं.
फाइलही आली, टेम्पोत बसून,
माझ्या घरापासून पायी दहा मिनिटांवर राहिली,
थंडीनं कुडकुडली असेल,
कोणीतरी तिच्यावर संत्री सोलली एवढं नक्की,
अन् दोरी न सुटता परत गेली.

मग मार्चमध्ये शेरा आला:
"प्रस्तावित जागेचा सातबारा जोडावा.
चतुःसीमा नमूद कराव्यात."
उके साहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.
मग डोळे पुसून म्हणाले, लिहा ना जी, विचारलं तर लिहा.

मी लिहिलं:
पूर्वेस पाणी.
पश्चिमेस पाणी.
दक्षिणेस पाणी.
उत्तरेस

आणि पेन थांबला.
जनसुनावणीच्या गठ्ठ्यात, खालून चौथा,
वहीचा फाडलेला कागद होता.
यमुना काशिनाथ चोगले, वय एकसष्ट.
पावसाळा सरला की आमची जाळी ह्या अंगाला लागतात,
तुमच्या नकाशात तिथे कोरं आहे,
कोरं कसं?
खाली सही. सहीतली शेवटची वेलांटी
कागदाबाहेर गेलेली.

उत्तरेस: यमुना काशिनाथ चोगले यांची जाळी.

हे काऊन लिहिलं, साहेब म्हणाले.
आता मत्स्यखातं नव्यानं पाहणी मागेल.
सहा महिने गेले ना बे!
मला ठाऊक आहे ना सहा महिने म्हणजे काय.
माय कोराडीकडे राहते.
दोरीवरचं लुगडं झटकल्याशिवाय घडी करत नाही,
झटकलं की राख उडते, दिसते न दिसते.
फोनवर दर वेळी विचारते,
तुह्या समुद्राची लाइन कधी येते रे?
मी म्हणतो, येऊन राहिली.
ती म्हणते, चालत येते काय?

खोडायला पांढरी शाई काढली होती.
झाकण वाळून घट्ट बसलेलं.
जोर लावला असता तर निघालं असतं.

तेवढ्यात लाइन गेली.
कुलर हुंकारून थांबला,
वाळ्याचा वास खोलीत तसाच राहिला.
कागद एकदम गप्प.
आता दगडाची गरज नव्हती.
तरी तो मी तसाच ठेवला,
आणि खिडकी उघडून पाहिली:
कडुनिंबाचं एक पान हलत नव्हतं.