मिश्र वाक्य

डिचोलीच्या शाळेत एस्लिंडा टीचरनी शिकवलं:
साधं वाक्य एकटं चालतं,
संयुक्तात दोन, बरोबरीची,
मिश्रात एक उभं, दुसरं त्याला टेकलेलं,
आधार काढला की पडतं.
उदाहरण घरून आणा.

घरी बाबा टिपर धुत होते.
चार पावसाळे हललेला नाही,
अजून तांबडंच पाणी निघतं.
"खाण सुरू झाली की..."
म्हणाले, आणि पाइप चाकांकडे वळवला.

मी वहीत लिहिलं: व्हेन द माइन ओपन्स,
स्वल्पविराम.
खाली दोन ओळी मोकळ्या सोडल्या.

टीचरनी लाल पेन उघडलं,
पहिल्याच शब्दापाशी थांबल्या.
त्यांचाही भाऊ खाणीवरच होता.
हळूच विचारलं,
"व्हेन, की इफ?"

म्हटलं, बाबांना विचारून सांगते.