तिसऱ्या ट्रॅकबद्दल

तुझं पाकीट पोचलं.
पाकीट कसलं, एक लिंक,
आत सतरा ट्रॅक,
वर "आदरणीय महोदय"
आणि खाली सही: डीजे झिरो नाइन, क्वामाशू.
मी बाई आहे. दारावर पाटी आहे, बोंगेकिले म्खिझे.
ती वाचायला डर्बनपर्यंत यावंही लागत नाही,
टॅक्सी स्टँडवर कुणालाही विचारलं असतंस
तरी भागलं असतं.

सतरा नकोत रे.
पाहुण्याला कुणी आल्याआल्या माळा दाखवतं का?
बसायला खुर्ची देतो, चहा देतो,
आवडलं तर तोच विचारतो, मागे काय आहे?
तीन पाठव.
त्यातही पहिला तो,
जो घरचे झोपल्यावर तू हेडफोनमध्ये
पुन्हा पुन्हा ऐकतोस
आणि कुणाला सांगत नाहीस.

आणि सुरुवातीचा तो वारा, ती घंटा,
दीड मिनिट!
दुपारी आमच्याकडे दोन तास वीज जाते,
लॅपटॉपच्या उरल्यासुरल्या बॅटरीवर ऐकते मी.
बॅटरी एकोणीस टक्के,
खिडकीतून बंदरातल्या क्रेन दिसतात,
आणि तुझी घंटा अजून वाजतेच आहे.
ढोल आधी आण.
घंटेला म्हणावं, मागाहून ये.

फाईलचं नाव "फायनल नवीन खरंच फायनल चार".
हसू आलं.
मग गेलं.
नाव लिहावं. स्वतःचं, पूर्ण.
फोन नंबरही तिथेच, फाईलच्या नावात,
कारण जत्रेत पोरं सुटावीत
तशा फायली पत्रापासून सुटतात.
बरोबर कोण होतं तेही लिही,
वाटे आत्ताच ठरवून टाक,
खिशात काही नाही तोवर.
पैसा आला की मित्रांना भागाकार आठवतो.

अठ्ठ्याण्णव साली मी एक कॅसेट दिली होती,
वेस्ट स्ट्रीटवर, तिसऱ्या मजल्यावर,
सोनेरी घड्याळवाल्या एका हातात.
"ठेव," तो म्हणाला.
ठेवली.
नाव कव्हरवर होतं, कॅसेटवर नव्हतं.
कव्हर हरवलं असेल, असं मी आजवर म्हणत आले.
पुढच्या डिसेंबरात टॅक्सीत बसले
तर बेस ओळखीचा.
माझाच.
वर गळा भलत्याच कुणाचा.
ड्रायव्हरने आवाज वाढवला,
मागचा अख्खा बाक डुलत होता,
मी उतरायचं ठिकाण विसरले.
भाडं मात्र दिलं,
दोन स्टॉप जास्तीचं.

फोन कधी करू, विचारलंयस.
तीन आठवडे थांब, मग एकदा.
रात्री अकराला व्हॉइस नोट नको,
"मॅडम, फक्त ऐका तरी" नको.
उत्तर आलं नाही तर माझ्यावर चीड,
ट्रॅकवर चिडू नकोस.
मी चुकते.
ज्याला नको म्हटलं होतं
त्याचंच गाणं गेल्या महिन्यात
भाचीच्या लग्नात लागलं.
नाचले मी. काय करणार?

आता तुझा तिसरा ट्रॅक.
दोन मिनिटं दहाव्या सेकंदाला
मागे कुठेतरी झाकण पडतं
आणि एक बाई ओरडते,
"स्बोनेलो! पाप गार होतंय!"
सतरा ट्रॅक, एक पत्र, एवढ्या सगळ्यात
तुझं नाव फक्त तिथे आहे.
कापायचं विसरलास
की मुद्दाम ठेवलंस?
ठेवलं असशील तर मला भेट.
विसरला असशील तरी भेट,
पण त्याला हात लावू नकोस.

चार वेळा ऐकलं.
पाचव्यांदा ढोल सुरू झाला, झाकण पडलं,
आणि ती हाक मारणार
तेवढ्यात बॅटरी गेली.