ट्रायल

रामबागेतल्या माझ्या दुकानाचा आरसा
उजव्या कडेला माणसाला थोडा उंच करतो.
नव्या गिऱ्हाइकाला मी डावीकडे उभं करते.
ऋजुता मात्र सरकत सरकत
उजवीकडेच जाते.

बारावीचं फेअरवेल, शनिवारी,
बायपासवरच्या हॉटेलात. नाच, डीजे, फोटोवाला.
तिच्या मोबाइलमधली मुलगी
कुठल्याशा समुद्रकाठी गाऊन घालून उभी आहे.
तिला बसायचं नाही, जेवायचं नाही,
जिना चढायचा नाही.
"अस्साच, मावशी. फक्त कमरेत अजून आत घ्या."

टेप कमरेपाशी आली
की पोरगी श्वास ओढून धरते.
सगळ्याच धरतात.
मी टेप तशीच धरून बोलत राहते :
सीतलामाता बाजारात क्रेपचा काय भाव आहे,
मालगंजचा रंगारी कसा पळवतो आहे,
यंदा माघातसुद्धा थंडी कशी जाऊन राहिली नाही.
नफीसा काजं करता करता खाली मान घालून हसते.
ही युक्ती तिला पाठ आहे.
कधीतरी श्वास सुटतो.
तेव्हाचा आकडा मी वहीत लिहिते.

आईने आणलेलं कापड फिकं गुलाबी.
वर्गात सगळ्या तेच घालणार म्हणे.
खांद्यावर टाकून पाहिलं तर
रुसून बसल्यासारखं दिसलं, कापडही आणि पोरगीही.
मग फळीवरचा एक तुकडा काढला,
पिकल्या जांभळाचा, कुणाच्या तरी लग्नातला उरलेला.
आई म्हणाली, "सावळ्या रंगाला गडद कसं चालेल?"
मी काही बोलले नाही.
तुकडा खांद्यावर राहू दिला
आणि पाणी प्यायला आत गेले.
परत आले तेव्हा आई दुकानदाराचा फोन नंबर विचारत होती.

पहिल्या ट्रायलला मी म्हटलं, हात वर कर.
खुर्चीवर बस. आता ती टाचणी उचल.
आता नाच.
"इथे?"
"मग काय तिथे पहिल्यांदा नाचणार आहेस?"

चार गिरक्या घेतल्या तिने,
शिलाई मशीन आणि इस्त्रीच्या टेबलामधल्या
जेमतेम हातभर जागेत.
मग एकदम थांबली. पाठ फिरवून
दप्तरातून निळा पंप काढला,
दोन वेळा ओढला,
कुणी पाहिलं नाही असं समजून परत ठेवला.

"नाचताना कुठे ठेवशील?"
"मैत्रिणीच्या पर्समध्ये."
"आणि ती नाचायला गेली तर?"

माझ्या दहावीच्या गॅदरिंगला
मामीचं पोलकं मला सतरा टाचण्यांनी बसवलं होतं.
दुसऱ्या कडव्याला एक सुटली.
फोटोत मी इतकी छान हसते आहे
की आई तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची.
बरगडीवरचा ठिपका अजून आहे,
तो कुणाला दाखवणार?

कमरेतून अर्धा इंच सोडला.
उजव्या शिवणीत, पहिल्या चुणीखाली,
एक खिसा केला पंपाएवढा,
आतून मऊ मलमल लावून.
बाहेरून शोधला तरी सापडत नाही.
नफीसाने हात घालून पाहिला, म्हणाली,
"खाला, इसमें तो जलेबी भी आ जाएगी."

शुक्रवारी ऋजुता आली, गाऊन घातला,
आणि आरशात पाहायच्या आधी
खिशात हात घातला.
मग घातलाच. हात खिशात ठेवून ती
कोपऱ्यात रुबाबात उभी राहिली,
पाटबंधारे खात्यातला कुणी साहेब उभा असावा तशी.
आई म्हणाली, "जरा सैल नाही वाटत?"
"वाटतो," ऋजुता म्हणाली, आणि गिरकी घेतली.
घेराचा फटका बसून
बटणांची बरणी खाली.

बाहेर कचरागाडी गाणं वाजवत आली,
तिघी-चौघी आम्ही गुडघ्यांवर,
बटणं गोळा करत.

खिशाचे पैसे लावायचे नाहीत असं ठरवलं होतं.
मग लावले. वीस रुपये.
काम आहे ते.

शनिवार कसा गेला, कळलं नाही.
सोमवारी मशीनच्या पायाखाली
एक बटण सापडलं.
आज झाडताना अजून दोन.