वाफेची नोंद

माझं काम एवढंच: नोंद ठेवायची.
कप उजव्या हातात होता की डाव्या,
मेणबत्ती किती बोटं उरली,
रक्त कानाच्या आत वळलं की बाहेर.
हापसालूच्या एका बंद पडलेल्या चिखलस्नानाच्या दवाखान्यात
आम्ही ‘पथ्य’चा दुसरा सीझन करत होतो.
त्यातले पेशंट मेल्यावरही
डॉक्टरांनी सांगितलेला आहार सोडत नाहीत,
रात्री तीनला बिनमिठाच्या सूपसाठी रांग लावतात.
लोक हसतात. मग दिवा लावून झोपतात.

हेल्दुर लेपासार आमचा कायमचा मुडदा.
एकोणसत्तर वर्षांचा. आधी फेरीबोटीवर तिकिटं फाडायचा.
पाच एपिसोडांत पाच वेळा मेला,
दर वेळी निराळी मिशी.
पडून राहावं तर त्यानंच.
अडचण एकच: समुद्राकडच्या खिडक्यांना काचा नव्हत्या,
नोव्हेंबर, मरणाची थंडी,
आणि मुडद्याच्या नाकातून वाफ निघायची.
ती नंतर कॉम्प्युटरवर पुसावी लागे,
सेकंदाला चाळीस युरो.
“ह्याच्या श्वासानं मला खाल्लं,” आमचा निर्माता आइवार म्हणायचा.

रविवारी रात्री माइमूचा फोन आला, त्याच्या बायकोचा.
हेल्दुर गेला.
खुर्चीत, मोजे घालता घालता.

मंगळवारी पहाटे सहाला हेल्दुर टेबलावर. वेळेवर.
मी वहीत लिहिलं:
डाव्या पायात करडा मोजा, आधीच्या शॉटात नाही.
दिग्दर्शिकेनं माझ्याकडे पाहिलं, मी वहीकडे.
शेड्यूल शुक्रवारपर्यंतचं होतं.
सगळ्यांच्या तोंडासमोर वाफ,
दिवेवाल्याच्या, मेकअपच्या पोरीच्या, पहारेकऱ्याच्या कुत्र्याच्यासुद्धा;
त्याच्यासमोर हवा स्वच्छ.
आइवारनं मनातल्या मनात हिशेब केला
आणि स्वतःच्या हातानं त्याला कॉफी नेऊन दिली.
मेल्या म्हशीला मणभर दूध, ते असं.

घोळ गुरुवारी झाला.
फ्लॅशबॅक होता. पेशंट अजून जिवंत,
बाकावर बसून समुद्र बघतोय.
“जरा जिवंत, हेल्दुर!”
सतरा टेक.
“अजून थोडा जिवंत!”
तो सगळं करत होता, डोळे, मान, कॉलर सारखी करणं,
पण छाती पाटासारखी.
जेवणाच्या सुट्टीत माझ्याशेजारी येऊन बसला
आणि नवखा नट विचारतो तसं, लाजत विचारलं,
“ऊर्वे, आधी आत घ्यायचं असतं की बाहेर सोडायचं?”

दुसरं काय करणार?
बारा माणसं खोळंबली होती, उजेड चालला होता.
त्याची हनुवटी धरली
(बर्फात राहिलेला चमचा धरावा तशी)
आणि फुंकलं,
पोराच्या डोळ्यातलं कुसळ काढताना फुंकतो तसं.
अठराव्या टेकला त्याच्या नाकातून
एक लहानशी पांढरी वाफ आली.
टाळ्या वाजल्या.
शुक्रवारी तो आला नाही.
मानधनाच्या पावतीवरची सही राहिली ती राहिलीच.

पुढच्या नोव्हेंबरात तो भाग लागला.
आमच्याकडे हा आत्म्यांचा महिना.
घरात मोठ्यानं बोलायचं नाही,
गेलेल्यांसाठी ताट मांडून ठेवायचं.
माइमूनं मला बोलावलं होतं.
टेबलावर काळा पाव, मटार, खारवलेले किलू मासे,
टीव्ही अगदी हळू.
बाकाचा सीन आला तशी ती पुढे वाकली,
कान दिला.
“एकेचाळीस वर्षं ह्याच्या श्वासानं झोपमोड केलीय माझी.
हा त्याचा नाही.
हा कुणातरी बाईचा आहे.”
आणि माझ्याकडे न बघता
मिठाची डबी माझ्यापासून लांब सरकवली.

बसथांब्यावर उणे सहा.
सगळे धुराड्यांसारखे उभे.
एकानं वेळ विचारली, मी सांगितली,
मग दिव्याखाली सरकून वही काढली.
वाफ: नाही.
आधीच्या शॉटशी जुळतं.