फानूरियोसच्या आईसाठी

सत्तावीस ऑगस्टच्या पहाटे आई पीठ चाळायला बसते
आणि चाळणीच्या आवाजावरून मला कळतं
यंदा ती काहीतरी मोठं मागणार आहे.

नऊ जिन्नस. आठ नाहीत, दहा नाहीत.
पीठ, साखर, ऑलिव्हचं तेल,
झाडावर उरल्यासुरल्या संत्र्यांचा रस,
दालचिनी, लवंग, अक्रोड, मनुका
आणि चिमूटभर सोडा,
ज्याला ती मोजते खरी, पण नाराजीनंच.
अंडं नाही, लोणी नाही.
"संत गरीब होता," ती म्हणते,
जणू त्याची उधारी हिच्याच वहीत लिहिलेली.

आमच्या कालिम्नोस बेटावर ज्याचं काही हरवतं
तो संत फानूरियोसच्या नावानं केक भाजतो.
कालिरोईची शेळी सापडली, कड्याच्या कपारीत, दोन करडांसकट.
पापा द्रोसोसची कवळी सापडली.
कुठे, ते गावात कुणी मोठ्यानं बोलत नाही.

यंदा हरवली आहे माझी लग्नातली अंगठी.

म्हणजे, मी तसं सांगितलंय.
"भांडी घासताना गेली असेल मोरीतून."
शेजारणी हळहळल्या,
एकीनं तर पाइप उघडून पाहिला.
आई काही बोलली नाही.

खरं असं, की जूनमधल्या एका रात्री
धक्क्याच्या टोकाशी,
नोमिकोसची होडी जिथे बांधलेली असते तिथे,
मी ती बोटातून काढली. साबणही लागला नाही.
पाण्यानं आवाज केला एवढासा,
मनुका पिठात पडावी तेवढा.

देवळातल्या चित्रात संत अगदी कोवळा शिपाई आहे,
हातात क्रूस, क्रुसावर पेटती मेणबत्ती.
दिवसभर भट्टीसमोर मला वाटत राहिलं,
स्पंज काढणाऱ्या आमच्या माणसांसारखा
दम रोखून तो खाली उतरेल,
तळाशी वाळू चाचपेल,
आणि संध्याकाळी भर देवळात वर येईल,
ओलाचिंब, मूठ उघडी.

त्याची आई फार कठोर होती म्हणतात.
आयुष्यात तिनं दान केलं ते एकच,
एका भिकारणीला कांद्याची पात.
म्हणून तो स्वतःसाठी काही मागत नाही.
तुमची वस्तू देतो, आणि म्हणतो,
माझ्या आईसाठी दोन शब्द बोला.

मी अठरा वर्षांची होते
तेव्हा नोमिकोसच्या उंबऱ्यात मला सोडून
माझ्या आईनं मागे वळून पाहिलं नव्हतं.
नंतर दोनदा मी रात्रीची तिच्या दारात आले.
दोनदा तिनं कॉफी पाजली,
माझी शाल नीट केली,
आणि परत पाठवलं.

देवळात केकचे चाळीस तुकडे झाले.
सात घरी वाटले.
दोन उरले, ते आमच्या टेबलावर.

"सापडेल का गं ती?" मी विचारलं.
"कोण ती?"
"अंगठी."
"अंगठीसाठी कुणी भाजलाय?" आई म्हणाली.
"गुरुवारपासून माझा चष्मा मिळत नाहीये."

मग भिंतीकडे बघत, जरा वेळानं:
"वरची खोली झाडून ठेवलीय.
खिडकीची कडी तेवढी लागत नाही."

माझ्या बोटावर उन्हानं रापलेल्या कातडीत
एक पांढरा पट्टा राहिला आहे.
चष्म्याशिवाय तिला तो दिसला की नाही, कोण जाणे.
तिनं तुकडा तोंडात टाकला आणि रीतीप्रमाणे म्हणाली,
"देव क्षमा करो फानूरियोसच्या आईला."

माझ्या दाताखाली लवंग आली.
मीही म्हणाले,
फक्त संताचं नाव गाळून.

चष्मा रविवारी सापडला, पिठाच्या डब्यात.
तिनं काचा ॲप्रनला पुसल्या,
डोळ्यांवर चढवला, माझ्याकडे नीट पाहिलं,
आणि म्हणाली, यंदा
साखर जरा जास्तच झाली होती.