हाळीहून परतताना

शेवटची एसटी गेली होती. गौसोद्दीननं टेम्पो थांबवला.
"पुढं जागा नाय सर. मागं बसा, बकऱ्यांत."

तेवीस उस्मानाबादी शेरडं, काळीभोर,
दोघाचौघांच्या कानांवर पांढरे ठिपके,
आणि फळीला पाठ लावून सटवाजी,
ज्याचं एकही जनावर आज विकलं नव्हतं.

वळणावर सगळी डावीकडे, खड्ड्यात सगळी हवेत.
एक पाट दुसरीच्या पोटाखालून घुसते,
बोकड बोकडाला ढुशी देतो,
शिंग फळीवर ठक्क वाजतं.

उद्या अकरावी ब ला हेच शिकवायचं होतं:
एक भाग सगळ्यांनी मिळून जाण्याचा,
एक भाग आपापसात हलण्याचा,
बेरीज केली की एकूण गतिज ऊर्जा.
मधे एक तिसरं पद येतं, दोघांना गुंतवणारं,
आणि ते शून्य होतं.
दर वर्षी कुणीतरी विचारतं, कसं काय?
दर वर्षी मी म्हणतो, करून बघा.

सटवाजी म्हणाला, "सर, ही आतल्या आत
ढकलाढकली चाललीय,
तिच्यानं गाडी बोटभर तरी पुढं सरकती का?"
गाडी अन् शेरडं मिळून धरली, तर नाही.
"मागं?"
मागंही नाही.
"मग येवढी ताकद कामून लावतेत?"
हे पुस्तकात नव्हतं.
त्यानं जवळच्या बोकडाच्या मानेवर हात ठेवला
आणि बराच वेळ काढला नाही.

उदगीरच्या अलीकडे रेल्वे फाटक बंद.
इंजिन गप्प. वेग शून्य. पहिलं पद गेलं.
मी खाली उतरलो, फळीला तळवा लावला,
फळी थरथरत होती,
पाटे कुरकुरत होते,
उभ्या गाडीत अजून बाजार चालू होता.

मनातल्या मनात केंद्र काढलं:
तेवीस शेरडं, एक सटवाजी, पेंडीचं अर्धं पोतं.
बिंदू आला मधोमधच्या जरा मागं.
तिथं कुणीच नव्हतं.
लेंड्या होत्या, तुटलेलं दावं होतं.

मालगाडीचे डबे मोजता मोजता चुकलो.
तेवढ्यात एक करडू वाट काढत आलं
आणि नेमकं तिथंच बसलं.
बिंदू दोन बोटं सरकला असेल. जास्त नाही.

फाटक वर गेलं. मी चढलो.
गौसोद्दीननं क्लच सोडला
तसे आम्ही सगळे एकदमच मागं झुकलो,
सटवाजी, मी, बोकड, पाटी.
करडू उठलं नाही.